कुणाकडून आलं, हे सांगणारी टेस्ट नसते

बोरिवलीची एसटी लागायला वेळ होता आणि बार्शीच्या स्टँडवर आई माझ्या बॅगेची चेन पुन्हापुन्हा उघडून बघत होती. डबा आहे का, टॉवेल आहे का, आधार कार्ड आहे का. सगळं तिनंच भरलेलं होतं, तरी ती बघत होती. अण्णा चौकशीच्या खिडकीशी उभे होते. गाडी कधी लागणार हे त्यांनी आधीच विचारलं होतं, पण माझ्याजवळ उभं राहून काय बोलायचं ते त्यांना सुचत नसावं. मला मात्र त्या दोघांकडे बघून एकच वाटत होतं, की ह्यांना काहीतरी कळलंय. म्हणून आई बॅग चाचपतेय आणि म्हणून अण्णा माझ्याकडे बघत नाहीत.

गाडी लागली. अण्णा म्हणाले, "पोचलास की फोन कर." आई खिडकीपाशी आली आणि गजांतून हात घालून माझी कॉलर नीट करत म्हणाली, "उम्या, तिकडं कुणी लई आपुलकी दाखवाया लागलं की आधी इचारायचं, तुला काय पायजे. आणि कुणाच्या ताटातलं खायचं न्हाई."

हे मी बार्शीत राहिलेल्यांसाठी लिहितोय, आणि माझ्यासारखे जे तिथून निघाले त्यांच्यासाठीही. निघायची कारणं आपण सगळ्यांनी सांगताना एकच सांगितली, नोकरी. माझ्याबाबतीत नोकरी खोटी नव्हती. गल्लीतला संतोष भाईंदरला एका इस्टेट एजंटकडे कामाला होता, त्यानं केबिन रोडवरच्या चष्म्याच्या दुकानात माझ्यासाठी शब्द टाकला होता. पण नोकरी नसती तरी मी गेलो असतो. घरात लातूरचं एक स्थळ आलं होतं आणि मुलीचा फोटो आमच्या देव्हाऱ्यापाशी ठेवलेला होता. मला पुरुष आवडतात हे मला शाळेत असल्यापासून माहीत होतं. ते शब्दांत मी स्वतःशीही बोलत नव्हतो. भिंतीला ऐकू जाईल अशी भीती वाटायची.

त्या भीतीला एक चेहरा होता. आमच्या आईची खानावळ होती. तिथं बाबूमामा जेवायला यायचे. ते लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. बायको नव्हती, मूल नव्हतं, सीझन संपला की पंढरपूर, सोलापूर कुठंकुठं फिरून यायचे. मी आठवीत असेन, तेव्हा ते वाळायला लागले. गल्लीत कुजबुज सुरू झाली, "त्यो रोग." आईनं आधी त्यांचा पेला वेगळा केला, मग ताट, मग त्यांना दारातूनच डबा द्यायला लागली. शेवटी एक दिवस म्हणाली की आजपासून खानावळ बंद आहे, आणि आत वीसेक माणसं जेवत होती. बाबूमामांनी आत डोकावलं नाही. कुणी हाताला धरून वळवल्यासारखे उलटे फिरले. ते बायांकडे जात म्हणून झालं असं अर्धी गल्ली म्हणायची, आणि उरलेली अर्धी जे म्हणायची ते बोलताना आवाज खाली जायचा. तो खाली गेलेला आवाज मी कान देऊन ऐकला होता. माझ्यासारख्याचं पुढं काय होतं, ते मला तिथं कळलं असं मी धरून चाललो.

भाईंदरजवळच्या काशीगावात संतोषच्या खोलीत मी राहिलो. एक खोली, मोरी आतच, समोर मोठ्या रस्त्यावर तेव्हा मेट्रोचे खांब उभे राहत होते. शेजारी एका बाजूला यूपीचे, दुसऱ्या बाजूला गुजराती मावशी. मराठी मी फक्त संतोषशी बोलायचो आणि त्याच्याशीच सगळ्यात कमी बोलायचो. इतर कुणाला काही कळलं असतं तर ते इथंच राहिलं असतं. संतोषला कळलं असतं तर ते संध्याकाळच्या आत बार्शीला पोचलं असतं. तो अंघोळीला गेला तरी मी फोन खिशात ठेवायचो. पुरुषांचे नंबर मी बायकांच्या नावानं सेव्ह करायचो, मग तेही धोक्याचं वाटलं, कारण कुठल्या बाईचे एवढे फोन येतात असं तो विचारील. मग सगळ्यांना धंद्याची नावं दिली. फ्रेम होलसेल. काच मुलुंड. गॅस एजन्सी.

पुरुषांनी पुरुषांना भेटायचं ॲप फोनमध्ये घेतलं तेव्हा तर प्रत्येकावरच संशय. फोटो खरा आहे का, पोलीस आहे का, ब्लॅकमेल करणारा आहे का. एकानं काशिमिऱ्याला बोलावलं. रिक्षातून बघितलं तर सांगितलेल्या ठिकाणी तिघं उभे होते आणि त्यातला एक फोनमधल्या माझ्या फोटोशी माझा चेहरा जुळवत होता. मी उतरलोच नाही. रिक्षावाल्याला म्हटलं, "भैया, सीधा लो." तो म्हणाला, "कहाँ?" मला सांगता येईना.

कंडोम मी पहिल्यापासून वापरला. शहाणपणानं नाही, बाबूमामांच्या भीतीनं. केबिन रोडवर घ्यायची सोय नव्हती, कारण तिथले मेडिकलवाले आमच्या शेठचे ओळखीचे. मी फाटक ओलांडून भाईंदर वेस्टला जायचो. आधी डोकेदुखीची गोळी मागायचो, मग खोकल्याचं औषध, आणि दुकानात कुणी नसलं की ते. दुकानदार ब्राऊन कागदात गुंडाळून द्यायचा आणि एकदा हसून म्हणाला, "नयी शादी?" मी हो म्हटलं. पुढच्या वेळी दुसरं दुकान शोधलं.

खाडीच्या जेट्टीकडे संध्याकाळी काही पुरुष येऊन बसतात हे मला ॲपवर कळलं होतं. तिथं एक जण खांद्याला पिशवी अडकवून फिरायचा. एका संस्थेचा माणूस होता, कंडोमची आणि जेलची पाकिटं फुकट वाटायचा. माझ्याजवळ आला, शेजारी बसला आणि जुनी ओळख असल्यासारखं बोलायला लागला. टेस्ट केलीय का कधी, सरकारी दवाखान्यात फुकट होते, नाव बाहेर जात नाही. मी त्याला विचारलं, "तुला काय पाहिजे?"

तो म्हणाला, "मला काय पाहिजे? काही नको. पाकीट घे."

"माझ्यासारखा आहे हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. इथं या वेळी बसलायस ना."

मी उठलो आणि निघालो. लांब जाऊन बराच वेळ बघत होतो, तो इतरांनाही देतो की फक्त मलाच द्यायला आला होता. तो सगळ्यांना देत होता. तरी मला वाटलं, हे असंच दाखवायला करत असेल.

असा मी चार-पाच वर्षं राहिलो. संतोषचं लग्न झालं, त्यानं खोली सोडली, आणि मी केबिन रोडच्या मागच्या गल्लीत स्वतःची खोली घेतली. दुकानात आता मी नंबर काढायला लागलो होतो. त्याच सुमारास पास्कल आला.

पास्कल चौक गावचा, उत्तनच्या पुढं समुद्राकाठी जे कोळ्यांचं गाव आहे तिथला. भावांची बोट आहे, पण त्याला समुद्र लागतो, म्हणून तो टेम्पो चालवतो. बर्फ घेऊन जायचं, मासळी घेऊन यायची. त्याची तक्रार होती की समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे दिसतात. मी नंबर काढला, सिलिंड्रिकल निघाला. फ्रेम लावून आरसा पुढं धरला तर तो आरशात स्वतःकडे न बघता माझ्याकडे बघत होता. मी आरसा खाली ठेवला. नंतर तो दर आठवड्याला यायला लागला. कधी स्क्रू ढिला झाला म्हणायचा, कधी नाकावर टोचतंय म्हणायचा. स्क्रू ढिला नसायचा. शेठ म्हणाले, "यह तेरा ग्राहक बहुत नाजूक है." मी मान खाली घालून काच पुसत राहिलो.

त्याचं नाव मी फोनमध्ये "बर्फ सप्लाय" असं ठेवलं. त्याचं आणि माझं जमायला वेळ लागला, कारण मी त्याला काहीच सांगत नव्हतो, आणि मग माझ्या लक्षात आलं की तोही सांगत नव्हता. दुकानाला सोमवारी सुट्टी असायची आणि त्याची पहिली खेप दुपारच्या आत संपायची. दुपारी तो माझ्या खोलीवर यायचा. अंगाला बर्फाचा गारवा आणि मासळीचा वास. तो आधी साबणानं हात धुवायचा, मग बसायचा. कंडोम मी वापरायचो, त्यानंही कधी नको म्हटलं नाही. एकदा फाटला. आम्ही दोघंही दुसरंच काहीतरी बोलायला लागलो.

सहा-सात महिने झाले असतील. एका सोमवारी मी गादीखालचं पाकीट काढलं तर तो म्हणाला, "अजून हे पायजेच? आता आपण दोघंच हाव ना?"

मी म्हटलं, "असू दे की. सवय झालीय."

"सवय न्हाय ती. डाउट हाय तुला माझ्यावर."

"नाही."

"मग?"

 मी पाकीट खाली ठेवलं नाही. तो शर्ट घालून, खेप आहे म्हणून निघून गेला. खेप नव्हती. नंतरच्या सोमवारी तो आला, पाकीट निघालं. पण माझ्या डोक्यात आता उलटं चक्र फिरायला लागलं. ह्याला नको का आहे? दोघंच आहोत हे तो मला सांगतोय की माझ्याकडून वदवून घेतोय?

मग ती बाटली सापडली. त्या दिवशी मी त्याच्याबरोबर चौकला गेलो होतो. तो घरी आईला औषधं द्यायला गेला आणि मी टेम्पोत बसलो. समोर बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत होते. खारं वारं लागून माझ्या चष्म्याच्या काचा धुरकट झाल्या, म्हणून फडकं शोधायला मी समोरचा कप्पा उघडला. फडक्यात गुंडाळलेली पांढरी प्लास्टिकची बाटली होती. त्यावरचं नाव मी फोनवर टाकलं. पहिल्याच ओळीत आलं, एचआयव्हीवरचं औषध.

मी बाटली होती तशी गुंडाळून ठेवली.  पास्कल आला, त्याच्या आईनं माझ्यासाठी दिलेलं वाळलेल्या जवळ्याचं पुडकं माझ्या मांडीवर ठेवलं आणि विचारलं, "काय झालं? तोंड का असं?" मी म्हटलं, उन्हानं. मी शेठचा फोन आलाय असं सांगून तिथूनच बस पकडली. बसमध्ये मी सगळे सोमवार डोक्यात परत फिरवले. तो हात आधी का धुतो. फाटला त्या दिवशी त्यानं विषय का बदलला. आणि कंडोम नको का म्हणाला. सगळ्यांचं एकच उत्तर येत होतं.

दुसऱ्या दिवशी शेठला बरं नाही सांगून मी सरकारी दवाखान्याच्या तपासणी केंद्रात गेलो. तोंडाला मास्क लावला होता, टोपी घातली होती. समुपदेशक बाई होत्या, सगळे त्यांना मॅडम म्हणत. त्यांनी दार लावलं आणि विचारलं, "संबंध पुरुषांशी, बायकांशी, की दोन्ही?" हे इतकं साध्या आवाजात विचारलं की मी आधी त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसतंय का ते शोधलं. मग म्हटलं, पुरुषांशी.

"कंडोम?"

"नेहमी. एकदा फाटला."

"काय लावता बरोबर?"

"खोबरेल."

त्या म्हणाल्या, "तेलानं रबर कमकुवत होतं, फाटतं. पाण्याचं जेल वापरायचं. आणि फाटला तर लगेच यायचं. तीन दिवसांच्या आत आलं तर औषध सुरू करता येतं, जितकं लवकर तितकं बरं. तुम्ही आला नाहीत."

मी बाटलीचं सांगितलं. नाव लिहून दाखवलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, "ही गोळी दोन कारणांनी घेतात. एचआयव्ही असलेल्यांच्या उपचारात असते, सोबत आणखी औषध असतं. आणि ज्यांना एचआयव्ही नाही तेही घेतात, होऊ नये म्हणून. प्रेप म्हणतात त्याला. नुसती बाटली बघून तो माणूस पॉझिटिव्ह आहे की नाही, हे मलाही सांगता येणार नाही."

"होऊ नये म्हणून कोण घेतं? ज्याला भीती आहे तोच ना? म्हणजे तो बाहेर जातो."

"तेही मला सांगता येणार नाही. आणि समजा असलाच पॉझिटिव्ह, औषध नियमित असेल आणि रक्तात व्हायरस सापडण्याइतकाही उरला नसेल, तर संबंधांतून दुसऱ्याला होत नाही. तुम्ही त्यालाच विचारा."

"तो खरं सांगेल कशावरून?"

त्यांनी चिठ्ठी माझ्यापुढं सरकवून म्हटलं, "ते तुम्हाला माहीत. रक्त देऊन या."

निकाल त्याच दिवशी मिळाला. एचआयव्ही निगेटिव्ह. त्यांनी सांगितलं की काही आठवड्यांनी परत करायची, कारण नुकताच शिरलेला व्हायरस लगेच दिसत नाही. मी उठायला लागलो आणि तेवढ्यात त्या म्हणाल्या, "सिफिलिस मात्र दिसतोय."

सिफिलिस म्हणजे आपल्याकडे ज्याला गरमी म्हणतात तो. मला काही त्रास नव्हता, काही दिसलं नव्हतं. त्या म्हणाल्या, बऱ्याचदा दिसत नाही, इंजेक्शनांनी बरा होतो. कंडोमनं धोका खूप कमी होतो, पण कंडोमनं जेवढं झाकलं जातं त्याच्या बाहेरच्या कातडीवरूनही तो होऊ शकतो, तोंडानंही होतो. मला ते काही ऐकू येत नव्हतं. मी एकच विचारलं, "त्याच्याकडूनच ना?"

"कुणाकडून आलं, हे सांगणारी टेस्ट नसते," मॅडम म्हणाल्या. "तुमच्याकडे आधीपासून असेल. तुमच्याकडून त्यांनाही गेलं असेल. त्यांना घेऊन या, नाहीतर तुम्ही बरे व्हाल आणि पुन्हा होईल."

मी पास्कलला खाडीच्या जेट्टीवर बोलावलं, दिवसाउजेडी, माणसं असतील अशा वेळी. खोलीवर बोलवायची माझी तयारी नव्हती. तो आला, चष्मा डोक्यावर चढवून उभा राहिला. मी बाटलीचं बोललो.

त्यानं पहिलं वाक्य काढलं ते, "तू माझा कप्पा उघडला?"

"फडकं शोधत होतो."

"मना विचारायचं. दोन मिनटांवर व्हतो मी."

"तुला रोग आहे का?"

"न्हाय."

"मग गोळी कशाला?"

त्यानं चष्मा डोक्यावरून काढून हातात घेतला. मग म्हणाला, "तुझ्या फोनवर तो आवाज येतो. टिंग. मी वळखतो तो आवाज, माझ्याकडेपन होतं ते ॲप. मी तुला इचारलं काय कधी कोन हाय? न्हाय इचारलं. डॉक्टरकडे गेलो, टेस्ट केली, गोळी चालू केली."

मी म्हटलं, "म्हणजे माझ्यावर संशय."

"तू कंडोम काढतोस ती काळजी, आणि मी गोळी खातो तो संशय?"

 ॲप माझ्या फोनवर होतं हे खरं. त्यावर मी नुसता बोलायचो, पास्कल आल्यापासून भेटायला कुणाला गेलो नव्हतो. तसं मी त्याला सांगितलं. त्यानं मान हलवली, पण ती मान मानल्याची होती की ऐकल्याची, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही.

"मग त्या दिवशी कंडोम नको का म्हणालास?"

"बघत व्हतो," तो म्हणाला. "तू लगेच हो बोलला असतास तर समजलो असतो, हा सगळ्यांनाच हो बोलतो."

मला राग आला होता, तरी हसू फुटलं. त्या सोमवारी तो चिडून गेला असं मी समजत होतो आणि तो खरं तर निश्चिंत होऊन गेला होता. मी म्हटलं, "मग शर्ट घालून का गेलास?" तो म्हणाला, "तू पास झाला म्हनून सांगायचं काय? मना लाज वाटली."

मग मी त्याला सिफिलिसचं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. त्यानं मला विचारलं, "कुनाकडून?" आणि मॅडमनी मला दिलेलं उत्तर मी त्याला दिलं.  तो मला वाचत होता, मी त्याला. दोघांच्याही हाती काही लागलं नाही.

दोन दिवसांनी तो आला दवाखान्यात. एचआयव्ही त्यालाही नव्हता, सिफिलिस होता. इंजेक्शनं कमरेखाली घेतात आणि चांगलीच दुखतात. आम्ही दोघंही बाहेरच्या बाकड्यावर एका कुशीवर तिरके होऊन बसलो होतो. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "मूळव्याध का?" पास्कल म्हणाला, "हो, दोघांनाबी." मॅडम आमच्यासमोरून गेल्या आणि त्यांनी तोंड फिरवलं, हसू लपवायला.

जे माझ्यासारखे निघून आलेत त्यांना मी एवढंच सांगतो, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. मी समजत होतो की संशय मला वाचवतोय. मला वाचवलं ते कंडोमनं, आणि पुढं टेस्टनं. संशयानं एवढंच केलं की मी वर्षानुवर्षं टेस्टला गेलो नाही, फाटला त्या दिवशी धावलो नाही, फुकटचं जेल नाकारून खोबरेल लावत बसलो. आज मीही तीच गोळी घेतो. दर तीन महिन्यांनी आम्ही दोघं रक्त देतो, मूत्रपिंडाचंही अधूनमधून तपासतो. कंडोमही आहे, कारण गोळी एचआयव्हीपुरती, बाकीच्या रोगांना ती अडवत नाही. संशय संपला का असं विचाराल तर नाही संपला. पास्कल कुठं गेला आणि उशीर झाला तर मी अजून दर पाच मिनिटांनी फोन बघतो. फक्त आता मी विचारतो. तोही विचारतो. कधी उत्तर पटतं, कधी पटत नाही.

आता मी एका सोसायटीत भाड्यानं वन-रूम-किचन घेतलंय आणि पास्कल आठवडाभर माझ्याकडेच असतो. शनिवारी संध्याकाळी चौकला जातो, रविवारची मिस म्हणजे चर्चची प्रार्थना करून, आईबरोबर जेवून परत येतो. सोसायटीत आम्ही रूम पार्टनर आहोत. सेक्रेटरी मला दोनदा विचारून गेलाय, "शादी कब?" मी म्हटलं, घर घेतल्यावर. घरांचे भाव बघता ते उत्तर पुष्कळ वर्षं टिकेल.

गेल्या वर्षी आईचा मोतीबिंदू पिकला. माझ्या ओळखीचे डोळ्यांचे डॉक्टर इथं होते म्हणून मी तिला भाईंदरला आणलं. अण्णा खानावळ सांभाळायला मागं राहिले. आई आली आणि पहिल्या दिवसापासून एका डोळ्यानं घर तपासायला लागली. डबे उघडून बघितले. मासळीच्या वासानं नाक मुरडलं. पास्कलला विचारलं, "तुमच्यात लग्न उशिरा करत्यात का?" तो म्हणाला, "काहीजन करतच न्हाय, आई." तिनं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

ऑपरेशन झाल्यावर, डोळ्यावर हिरवी पट्टी असताना, सकाळी तिनं मला गोळी घेताना पकडलं.

"कसली गोळी हाय ती?"

"ताकदीची."

"रोज?"

"हो."

 दुपारी पास्कल ओट्याशी बोंबील साफ करत होता, मी पुढच्या खोलीत होतो. आई उठून आत गेली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली. मला सगळं ऐकू येत होतं.

"ह्यो खोटं बोलतोय माझ्याशी. लहानपनापासनं बोलतोय," ती म्हणाली. "तू सांग. काय झालंय ह्याला?"

पास्कलचे हात थांबले. "काय झालं न्हाय, आई. होऊ नये म्हनून हाय ती गोळी."

"काय होऊ नये म्हनून?"

 मी दारात गेलो.  मी म्हटलं, "एचआयव्ही, आई. एड्स म्हणतात तो. तो होऊ नये म्हणून."

आईनं उघड्या डोळ्यानं माझ्याकडे बघितलं. "तुला कशापायी होईल त्यो?"

 नळ चालू होता, तो पास्कलनं कोपरानं बंद केला आणि म्हणाला, "आम्ही दोघंबी तपासतो, आई. तीन-तीन महिन्यांनी. दोघंबी बरे हाव."

दोघंबी हा शब्द त्या छोट्या जागेत पडून राहिला. आई ओट्याला हात लावून उभी होती. तिनं साफ केलेल्या बोंबलांकडे बघितलं, मग पास्कलच्या हाताकडे, तिथं सुरी लागून थोडं रक्त आलं होतं. मला वाटलं आता ती बाजूला होईल. ती म्हणाली, "हात दाखव." नळाखाली त्याचं बोट धरलं, पदरानं पुसलं. मग म्हणाली, "आन् तुझी आई? तिला ठावं हाय?"

"थोडं," पास्कल म्हणाला.

"थोडं म्हंजी?"

"जेवढं तुम्हाला हाय तेवढं."

 संध्याकाळी जेवताना तिनं बोंबील खाल्ले नाहीत, पण त्याला दुसऱ्यांदा भात वाढला. पट्टी निघाल्यावर मी तिला बार्शीला सोडून आलो. स्टँडवरून घरी जाताना ती माझ्याशी शेजाऱ्यांच्या भांडणाबद्दल बोलली, नव्या गॅसबद्दल बोलली. लग्नाचं बोलली नाही. तिनं अण्णांना किती सांगितलंय, मला माहीत नाही. अण्णा हल्ली फोनवर "तुम्ही कसे आहात" असं म्हणतात. ते मला मान देतात की दोघांना मिळून म्हणतात, ह्यावर मी खूप विचार केलाय.

घर कुठलं, असं मला कुणी विचारलं तर मी अजून बार्शी म्हणतो. सवयीनं तोंडातून येतं. पण बार्शीच्या घरात मी प्रत्येक प्रश्नाला काहीतरी बनवून सांगतो, आणि इथं चाळीस पायऱ्या चढून दार उघडलं की आत एक माणूस असतो, जो मला तोंडावर विचारतो, कुठं होतास, कुणाबरोबर होतास, टेस्टची तारीख लक्षात आहे का. चिडायला होतं. उत्तर द्यावं लागतं. माझ्यासाठी घर म्हणजे सध्या एवढंच आहे.

परवा रविवारी आईचा फोन आला. पास्कल चौकहून नुकताच परतला होता. आईनं माझी चौकशी केली, पाऊसपाणी सांगितलं, मग म्हणाली, "जरा फोन त्याला दे." मी दिला. पास्कल फोन घेऊन गॅलरीत गेला आणि दार ओढून घेतलं. काचेतून मला त्याची पाठ दिसत होती. तो हळू आवाजात बोलत होता, मधेच हसत होता, एकदा वळून त्यानं माझ्याकडे बघितलं आणि परत पाठ केली. बरंच बोलले ते दोघं. आत आल्यावर मी विचारलं, काय म्हणत होती. तो म्हणाला, "काय न्हाय, असंच."

माझा दोघांवरही विश्वास नाही. माझ्याबद्दलच बोलत असणार.